शेतमातीतली नैसर्गिक किरणोत्सारिता कशी मोजावी, आणि त्यात खताचा वाटा किती ते कसे शोधावे

खतामुळे माती किरणोत्सारी होते का, हा प्रश्न हल्ली भौतिकशास्त्राच्या एमएस्सी प्रकल्पांत हमखास येतो. पन्नास शेतांतली माती आणायची, मोजायची, जागतिक सरासरीशेजारी आकडे मांडायचे आणि शेवटी 'खतांचा प्रभाव दिसतो' असे एक वाक्य टाकायचे, अशी त्याची ठरलेली वाट आहे. आकडे बहुधा बरोबर असतात. ते शेवटचे वाक्य मात्र त्या आकड्यांतून निघत नाही. खताचा परिणाम इतका बारीक असतो की मोजणीच्या पद्धतीतली एखादी ढिलाई त्याच्याहून मोठी ठरते. म्हणून या लेखात काळ्या मातीचे, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टवर तयार झालेल्या जमिनीचे उदाहरण घेऊन नमुना खणण्यापासून निष्कर्षापर्यंतची सगळी वाट दाखवली आहे. वाचकाला गॅमा वर्णपटमापनाची तोंडओळख आहे आणि महाविद्यालयात एखादा सोडियम आयोडाइड किंवा जर्मेनियम डिटेक्टर उपलब्ध आहे, असे धरले आहे.

आधी कागदावर हिशेब

मातीत मोजण्यासारख्या तीन गोष्टी असतात: युरेनियम-२३८ची साखळी (म्हणजे ते आणि त्याच्या विघटनातून एकामागून एक तयार होणारी अपत्ये), थोरियम-२३२ची साखळी आणि पोटॅशियम-४०. तिन्हींची मात्रा बेकेरेल प्रति किलोमध्ये सांगतात. एक बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन. दहा लाख भागांत एक भाग युरेनियम म्हणजे सुमारे १२.४ बेकेरेल/किलो, तेवढेच थोरियम म्हणजे सुमारे ४.१ आणि १ टक्का पोटॅशियम म्हणजे सुमारे ३१३ बेकेरेल/किलो. हे तीन आकडे पाठ असलेले बरे, पुढे पदोपदी लागतात.

संयुक्त राष्ट्रांच्या अनस्केअर समितीने २००० सालच्या अहवालात मातीसाठी दिलेली जागतिक मध्यके अशी आहेत: रेडियम-२२६ (युरेनियमच्याच साखळीतले) ३५, थोरियम-२३२ ३० आणि पोटॅशियम-४० ४०० बेकेरेल/किलो. बेसॉल्टमध्ये तिन्ही मूलद्रव्ये मुळातच कमी असतात, त्यामुळे काळ्या मातीचे आकडे याच्या खाली येणे अपेक्षित आहे. पूर्व विदर्भातल्या ग्रॅनाइट-नाइसवरच्या जमिनीत आकडे चढतात. कोकण-गोव्याच्या जांभ्या मातीत पावसाने पोटॅशियम धुऊन जाते, थोरियम मात्र टिकून राहते. म्हणजे खडक बदलला की आकडे दुप्पट-तिप्पट बदलतात आणि त्यात खताचा काही संबंध नसतो. नांदेडची माती गोंदियाच्या मातीशेजारी ठेवून खताबद्दल बोलणे म्हणूनच व्यर्थ आहे.

आता खताकडे पाहू. आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी आहे. सगळे स्फुरद १६ टक्क्यांच्या सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिले, तर हेक्टरी सुमारे १०६० किलो सुपर फॉस्फेट पडते. त्यात रेडियम-२२६ समजा ५०० बेकेरेल/किलो आहे. हा आकडा गृहीत धरलेला आहे, तुमच्या गोणीचा आकडा तुम्ही मोजा. एका पिकाला जमिनीत साधारण ५ लाख ३० हजार बेकेरेल गेले. वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे हेक्टरी वजन, घनता १.३ धरून, साडेएकोणीस लाख किलो होते. भागाकार केला की एका पिकामागे वाढ निघते ०.२७ बेकेरेल/किलो.

पाव बेकेरेल! काळ्या मातीत मुळात समजा १५ असताना. अशी वीस पिके झाली आणि सगळे रेडियम त्याच थरात राहिले, तरी वाढ साडेपाचच्या आसपास. कोरडवाहू ज्वारी-तुरीच्या शेतात खत याच्या काही अंशच पडते, तिथे पन्नास वर्षांनीही काही दिसेल की नाही याची शंका आहे. हा हिशेब आधी करा आणि मगच शेत निवडा. ऊस, केळी, द्राक्ष अशी वर्षानुवर्षे भरपूर खत खाणारी जमीन घेतली तरच हाताला काही लागेल.

पोटॅशचे गणित दिसायला मोठे असते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश, म्हणजे जवळजवळ ५० टक्के पोटॅशियम असते आणि त्याची किरणोत्सारिता किलोमागे १५,५०० बेकेरेलच्या घरात जाते. १७० किलो पालाशाने वरच्या थरात २.३ बेकेरेल/किलोची भर पडते. पण पोटॅशियम पीक उचलून नेते, उसाबरोबर ते कारखान्यात जाते, आणि मातीतले मूळचे २०० बेकेरेल चिकणमातीच्या प्रकारानुसार वरखाली होतातच. पोटॅशियम-४०वरून खताचा निष्कर्ष काढायच्या फंदात न पडलेले उत्तम.

कोणत्या खतात काय असते

स्फुरदयुक्त खतांतले युरेनियम रॉक फॉस्फेटमधून येते. गाळाच्या फॉस्फेट खडकात ते बऱ्यापैकी असते, थोरियम अगदी कमी. इथे एक खाच आहे, आणि नवखे लोक नेमके तिथेच अडकतात. सिंगल सुपर फॉस्फेट बनवताना खडकावर गंधकाम्ल टाकतात आणि तयार झालेला जिप्सम खतातच राहतो. त्यामुळे युरेनियम आणि रेडियम दोन्ही गोणीत येतात. डीएपीचा, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेटचा मार्ग वेगळा आहे. आधी फॉस्फोरिक आम्ल काढतात आणि फॉस्फोजिप्सम गाळून वेगळा करतात. रेडियम बहुतांश जिप्समबरोबर बाहेर पडते, युरेनियम बहुतांश आम्लात राहून डीएपीत उतरते. म्हणजे डीएपीत युरेनियम भरपूर, रेडियम थोडे.

आपण नेहमी 'युरेनियम' म्हणून जे मोजतो ते खरे तर रेडियमच्या पुढची अपत्ये असतात, शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४. मातीत साखळी समतोलात आहे असे धरून ते चालून जाते. डीएपीत चालत नाही. बिस्मथवरून डीएपीचे युरेनियम काढले तर उत्तर कितीतरी कमी येते आणि 'डीएपी सुपर फॉस्फेटपेक्षा स्वच्छ' असा उफराटा निष्कर्ष निघतो. डीएपीसाठी जर्मेनियम डिटेक्टरवर युरेनियमच्या लगेच पुढच्या अपत्यांची, म्हणजे थोरियम-२३४ची ६३ केईव्हीची (केईव्ही हे किरणाच्या ऊर्जेचे एकक) किंवा प्रोटॅक्टिनियम-२३४एमची १००१ केईव्हीची रेषा घ्यावी लागते. दुसरी रेषा शंभर विघटनांत एकदाही पुरती दिसत नाही, म्हणून मोजणी लांबवावी लागते. सोडियम आयोडाइडवर या वाटेला जाऊ नका.

युरियात यातले काहीच नसते. तो कोरा नमुना म्हणून फार उपयोगी पडतो, त्याबद्दल पुढे.

जोड्या कशा निवडाव्यात

एका खत खाल्लेल्या शेताला त्याच मातीची, पण खत न पडलेली जागा जोडीला हवी. लगतचे गायरान, जुनी पड किंवा देवराईची कड चालते. बांध चालत नाही, कारण बांधावर नेमकी कुठली माती कधी टाकली ते कुणाला आठवत नसते. सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे कृषी विद्यापीठांतले दीर्घकालीन खत प्रयोग. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात काळ्या मातीवर ज्वारी-गहू पीकपद्धतीचा असा प्रयोग १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. तिथे एकाच तुकड्यात शून्य खताचे आणि दीडपट खताचे वाफे शेजारी असतात आणि कुठल्या वर्षी किती पडले याची नोंद असते. परवानगी मिळत असेल तर बाकी सगळे सोडून तिथले नमुने घ्या.

शेतकऱ्याला चार गोष्टी जरूर विचारा: तलावाचा गाळ कधी टाकला का, मळी किंवा कारखान्याचे सांडपाणी सोडले का, पाणी विहिरीचे की बोअरचे, आणि जवळपास औष्णिक केंद्राची राख पडते का. गाळ म्हणजे दुसरीकडची मातीच. २०१७ नंतर गाळमुक्त धरण योजनेत राज्यात ठिकठिकाणी शेतांत गाळ पडलाय, अशा शेताची तुलना शेजारच्या पडीशी होऊच शकत नाही. मळी आणि सांडपाणी पोटॅशियम वाढवतात, खोल बोअरचे पाणी युरेनियम आणू शकते, राखेत रेडियम-थोरियम दोन्ही असतात. उत्तर 'हो' आले तर शेत यादीतून काढा. वाईट वाटून घेऊ नका.

नमुना खणणे

हंगाम निघाल्यानंतर, पुढचे खत पडण्याआधी, जमीन वाफशावर असताना जा. ऐन एप्रिल-मेमध्ये काळ्या जमिनीला हात हात भेगा पडतात आणि वरची माती भेगांतून खाली घरंगळते, तेव्हा खोलीनुसार घेतलेल्या नमुन्यांना अर्थ राहत नाही. पावसाळ्यात चिखल. खत टाकल्यावर लगेच गेलात तर न विरघळलेला एखादा दाणा नमुन्यात येतो आणि तेवढ्यानेच आकडा उडी मारतो.

१. शेतात नागमोडी चालत ८ ते १० जागा ठरवा. बांध, उकिरडा, गोठा, झाडाची सावली आणि विहिरीचा काठ यांपासून दूर राहा.

२. ऊस किंवा भाजीपाल्याच्या शेतात सरी आणि वरंबा दोन्हींतून घ्या. खत ओळीत पडते, त्यामुळे फक्त वरंब्यावरून घेतलेला नमुना फुगतो, फक्त सरीतला उणा पडतो. ठिबक असेल तर तोटीखालची एक आणि दोन तोट्यांमधली एक अशा जागा धरा.

३. वरचा पालापाचोळा हाताने सारून खुरप्याने इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंटिमीटर खोल खड्डा करा. एका बाजूची दोन बोटे जाडीची माती वरून खालपर्यंत सारखी खरवडा. वर जास्त आणि खाली कमी असे झाले तर खोलीची सरासरी बिघडते.

४. त्याच खड्ड्यांपैकी तीन ठिकाणी पुढे १५ ते ३० आणि ३० ते ४५ सेंटिमीटरचे वेगळे नमुने घ्या. यांचे महत्त्व शेवटी कळेल.

५. सगळी माती प्लॅस्टिकच्या घमेल्यात एकत्र करा, ढेकळे फोडा, गोल पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका. असे करत दीड ते दोन किलो उरवा. माती परीक्षणाला अर्धा किलो पुरते, इथे पुरत नाही.

६. नव्या पॉलिथिनच्या पिशवीत भरा. आत कागदाची चिठ्ठी टाकू नका, ओलीने शाई उतरते. पिशवीवर मार्करने लिहा आणि दुसरी पिशवी चढवा.

शेतकरी आपुलकीने रिकामी खताची गोणी पुढे करतो, 'यातच भरा की साहेब' म्हणून. घेऊ नका. गोणीच्या शिवणीत अडकलेले मूठभर सुपर फॉस्फेट दोन किलो मातीत तुम्हाला हवा तो निष्कर्ष आयताच देऊन जाईल. हाच नियम घमेले, फावडे आणि हातमोज्यांनाही लागू. ज्या घमेल्यातून खत फेकले ते मातीला वापरायचे नाही.

खताचा नमुना वेगळ्या दिवशी, वेगळ्या साहित्याने घ्या. गोणी आडवी लोळवून मग वर, मधे आणि तळाशी अशा तीन जागांतून मिळून किलोभर पुरे. गोणीवरची श्रेणी, कंपनी आणि उत्पादनाचा महिना लिहून ठेवा. रॉक फॉस्फेट वेगवेगळ्या देशांतून येते, तेव्हा त्याच नावाच्या दोन गोण्यांतही फरक पडतो.

वाळवणे, दळणे, बंद करणे

माती आधी सावलीत पसरा, मग ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंश सेल्सियसवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. चोवीस तास बहुधा पुरतात. नुसती हवेत वाळवलेली काळी माती हाताला खडखडीत लागली तरी तिच्यात ६-८ टक्के पाणी सहज असते. म्हणजे आकडा तेवढ्याच टक्क्यांनी चुकणार, आणि दहा पिकांच्या खताचा परिणामही काही फार मोठा नाही. वाळलेली ढेकळे दगडासारखी होतात. खलबत्त्यात कुटा आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. चाळणीवर राहिलेले चुनखडीचे खडे फेकण्याआधी त्यांचे वजन लिहा. एका शेतात खडे ३ टक्के आणि जोडीच्या पडीत १५ टक्के निघाले, तर ती जोडीच मुळात जुळलेली नाही.

खत १०५ अंशांवर ठेवू नका. डीएपी तापल्यावर अमोनिया सोडते, वजन घटते आणि ओव्हनला महिनाभर वास येतो. खत ५० ते ६० अंशांवर किंवा सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये वाळवा आणि दळल्याबरोबर बंद करा, नाहीतर हवेतली ओल ओढून त्याचा गोळा होतो.

आता डबा. २५० ते ३०० मिलिलिटरचे जाड प्लॅस्टिकचे, फिरकीच्या झाकणाचे, सगळे एकाच आकाराचे डबे घ्या. माती ठोकून ठोकून झाकणापर्यंत भरा, वजन ०.१ ग्रॅमपर्यंत लिहा. वर रिकामी जागा ठेवली तर रेडॉन, म्हणजे रेडियमच्या विघटनातून तयार होणारा वायू, मातीतून निघून त्या पोकळीत जमतो आणि डिटेक्टरपासून दूर जातो. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी, झाकणाच्या कडेने इपॉक्सी आणि त्यावर चिकटपट्टी लावा. पातळ पॉलिथिनची पिशवी रेडॉनला अडवत नाही.

बंद केलेला डबा चार आठवडे हलवू नका. रेडॉन-२२२चे अर्धायुष्य ३.८२ दिवसांचे आहे, सात अर्धायुष्यांत तो रेडियमशी ९९ टक्क्यांवर समतोलात येतो. घाईने दुसऱ्या दिवशी मोजले तर काय होते? मातीच्या कणांतून साधारण १० ते ३० टक्के रेडॉन बाहेर सुटलेला असतो, तेवढेच बिस्मथ-२१४ कमी दिसते. आणि ही तूट दोन मातींत सारखी नसते. थोरियमच्या साखळीला थांबावे लागत नाही, तिच्यातल्या रेडॉन-२२०चे अर्धायुष्य मिनिटभराचेही नाही. डबा गळत नाही ना, हे पाहायचे तर एकच डबा चौथ्या आणि आठव्या आठवड्यात मोजा. बिस्मथ आणि शिशाची शिखरे तीच राहिली पाहिजेत.

उपकरण आणि कॅलिब्रेशन

गायगर काउंटर इथे उपयोगाचा नाही. तो पोटॅशच्या गोणीजवळ थोडा जास्त टकटकतो हे खरे, पण युरेनियम कोणते आणि पोटॅशियम कोणते हे त्याला कळत नाही, आणि मातीतला दोन-चार बेकेरेलचा फरक पार्श्वभूमीत बुडून जातो. मोबाइलला जोडायच्या स्वस्त यंत्रांचेही तेच.

जर्मेनियम डिटेक्टर असेल तर तोच वापरा. नसेल तर किमान ७.६ सेंटिमीटर व्यास-उंचीचा सोडियम आयोडाइडचा स्फटिक, भोवती १० सेंटिमीटर शिसे आणि आतून तांब्याचे अस्तर एवढे हवे. अस्तर नसेल तर शिशाचे स्वतःचे क्ष-किरण वर्णपटाच्या खालच्या टोकाला येतात.

ऊर्जेचे कॅलिब्रेशन सीझियम-१३७ची ६६२, कोबाल्ट-६०च्या ११७३ आणि १३३२ केईव्हीच्या रेषांवर करा. वरच्या टोकाला पोटॅशियमची १४६१ आणि थोरियमच्या साखळीतली थॅलियम-२०८ची २६१५ फुकटच मिळतात. कार्यक्षमतेसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तीन संदर्भ नमुने आहेत: आरजीयू-१, ज्यात युरेनियम सुमारे ४,९४० बेकेरेल/किलो, आरजीटीएच-१, ज्यात थोरियम सुमारे ३,२५०, आणि आरजीके-१, ज्यात पोटॅशियम-४० सुमारे १४,०००. ते मातीच्याच डब्यात, त्याच उंचीपर्यंत भरून मोजायचे. पोटॅशियमपुरते प्रयोगशाळेतले शुद्ध पोटॅशियम क्लोराइडही चालते, त्याची किरणोत्सारिता सुमारे १६,४०० बेकेरेल/किलो. डब्याची उंची अर्ध्या सेंटिमीटरने बदलली तरी कार्यक्षमता बदलते, म्हणून 'साधारण तेवढेच' भरलेला डबा बाद समजा.

रेषा कोणत्या घ्यायच्या? जर्मेनियमवर रेडियमसाठी ३५२ आणि ६०९ केईव्ही, थोरियमसाठी २३९, ५८३ आणि ९११, पोटॅशियमसाठी १४६१. रेडियमची स्वतःची १८६ची रेषा मोह घालते, पण तिथेच युरेनियम-२३५चीही रेषा बसलेली असते, त्यामुळे डीएपीसारख्या नमुन्यात ती फसवते. सोडियम आयोडाइडवर रेषा एकमेकींत मिसळतात, तिथे तीन खिडक्या, म्हणजे ऊर्जेचे ठरावीक पट्टे (केईव्हीत) वापरतात: पोटॅशियम १३७० ते १५७०, युरेनियम १६६० ते १८६०, थोरियम २४१० ते २८१०. थोरियमच्या खिडकीत दुसरे फारसे काही येत नाही, पण थोरियमचे किरण विखुरून खालच्या दोन्ही खिडक्यांत शिरतात आणि युरेनियमचे पोटॅशियमच्या खिडकीत. किती शिरतात ते आरजीटीएच-१ आणि आरजीयू-१ एकेकटे मोजून काढा. मग मातीच्या आकड्यांतून आधी थोरियमचा, नंतर युरेनियमचा वाटा वजा करा. क्रम उलटा चालत नाही.

मोजणी

एका डब्याला ५०,००० सेकंद, म्हणजे साधारण चौदा तास द्या. ही मोजणी एका दमात न करता ५,००० सेकंदांच्या दहा तुकड्यांत साठवा. आपल्याकडे रात्री वीज जाते, एसी बंद पडतो, आणि सोडियम आयोडाइडचे शिखर तापमानाबरोबर सरकते. दहा तुकडे असले की पोटॅशियमचे शिखर कुठल्या तुकड्यात हलले ते दिसते आणि तेवढाच फेकता येतो. एकच लांब वर्णपट असेल तर रुंदावलेले शिखर पाहून कपाळावर हात मारण्यापलीकडे काही करता येत नाही.

पार्श्वभूमी मोजायला रिकामी शिशाची पेटी पुरत नाही. त्याच डब्यात युरिया भरून तेवढाच वेळ मोजा. त्याची घनता मातीपेक्षा कमी असली तरी रिकाम्या जागेपेक्षा तो खूप बरा. दर चार-पाच नमुन्यांनंतर पुन्हा मोजा, कारण खोलीतल्या हवेतला रेडॉन दिवसागणिक बदलतो. सुट्टीत बंद राहिलेली खोली उघडल्याबरोबर मोजणी लावू नका, आधी तासभर खिडक्या उघडा. जर्मेनियम असेल तर द्रव नायट्रोजनच्या टाकीतून निघणारा वायू नळीने पेटीत सोडला की आतला रेडॉन हटतो.

पोटॅशियमचे एक उदाहरण, आकडे समजण्यापुरते. पोटॅशियम क्लोराइड ३०० ग्रॅम, म्हणजे ४,९२० बेकेरेल. ३,००० सेकंदांत खिडकीत निव्वळ २३,७०० मोजण्या, म्हणजे सेकंदाला ७.९. एका बेकेरेलमागे ७.९ भागिले ४,९२०, अर्थात ०.००१६०६. आता माती ३२० ग्रॅम, ५०,००० सेकंद, एकूण २४,६००. त्यातून पार्श्वभूमीचे १५,००० आणि युरेनियम-थोरियमचे शिरलेले ४,४६० वजा केले की उरले ५,१४०. सेकंदाला ०.१०२८. त्याला ०.००१६०६ने भागले की ६४ बेकेरेल, आणि ०.३२० किलोने भागले की २०० बेकेरेल/किलो. मोजणीची अनिश्चितता म्हणजे एकूण आणि पार्श्वभूमीच्या बेरजेचे वर्गमूळ, सुमारे १९९, साधारण ४ टक्के. उत्तर लिहायचे २०० ± ८. '२००.१३७' लिहिणाऱ्याला परीक्षकाने तिथेच थांबवावे.

रेडियमचे इतके सुखासुखी होत नाही. त्याच स्फटिकावर १७६४ केईव्हीच्या खिडकीत पार्श्वभूमीच्या २,५०० मोजण्या असतील, तर शोधसीमा, म्हणजे खात्रीने ओळखता येईल अशी किमान पातळी, २.७१ अधिक ४.६५ गुणिले २,५००चे वर्गमूळ, म्हणजे २३५ मोजण्या. १.३ टक्के कार्यक्षमता, १५.३ टक्के रेषातीव्रता आणि ०.३ किलो माती धरली, तर हे जवळजवळ ८ बेकेरेल/किलो होतात. मातीत रेडियम १५ आणि शोधसीमा ८. अशा यंत्रावर 'काळ्या मातीत रेडियम आहे' एवढे सांगता येते, 'खताने वाढले' हे नाही. त्यासाठी जर्मेनियम, किंवा मोठा मॅरिनेली बीकर (डिटेक्टरला चहूबाजूंनी वेढणारा डबा) आणि दोन-तीन दिवसांची मोजणी.

खताचा वाटा: थोरियमला साक्षीदार करा

खत युरेनियम-रेडियम आणते, थोरियम जवळजवळ आणत नाही. म्हणून रेडियम भागिले थोरियम हे गुणोत्तर पाहा. ओल थोडी राहिली, खडे जास्त निघाले, डबा सैल भरला, या चुका दोन्ही आकड्यांना सारख्या लागतात आणि भागाकारात बऱ्याचशा कटून जातात. नुसत्या रेडियमच्या आकड्यांची तुलना करण्यापेक्षा हे शतपटीने शहाणपणाचे.

समजा पडीत रेडियम १४, थोरियम १८, गुणोत्तर ०.७८. शेतात १७ आणि १८.५, गुणोत्तर ०.९२. फरक ०.१४. दोन्हींत प्रत्येकी १० टक्के अनिश्चितता असेल, तर या फरकाची अनिश्चितता ०.१७ येते. म्हणजे एका जोडीवरून काहीच सिद्ध होत नाही. अशा दहा जोड्या घेतल्या आणि सरासरी फरक तोच राहिला, तर अनिश्चितता ०.०५च्या आसपास उतरते आणि तेव्हा कुठे बोलायला जागा होते. एकमेकांशी संबंध नसलेल्या पन्नास शेतांपेक्षा जुळलेल्या दहा जोड्या भारी पडतात, ते यामुळे.

आता ते खोलीचे नमुने काढा. खतातून आलेली भर नांगराच्या थरात असायला हवी. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या जुन्या सुपर फॉस्फेटच्या वाफ्यांतही जादा युरेनियम बहुतांश वरच्या थरातच सापडले, आणि ते विश्लेषण १९७९ साली प्रसिद्ध झाले. तुमच्या शेतात गुणोत्तर ४५ सेंटिमीटरपर्यंत सारखेच चढे असेल, तर तो खताचा नव्हे, मातीचाच गुण आहे. काळ्या मातीत भेगांमुळे थर थोडे मिसळतात, तेवढी सूट द्या, पण फरक खाली कमी होत गेलाच पाहिजे.

निकाल कसा लिहावा

माणसाला मिळणाऱ्या किरणमात्रेसाठी (डोस) अनस्केअरचे सूत्र आहे: रेडियम गुणिले ०.४६२, थोरियम गुणिले ०.६०४, पोटॅशियम गुणिले ०.०४१७, बेरीज नॅनोग्रे प्रति तास. १५, २० आणि २०० या आकड्यांना २७ येतात. वर्षातला पाचवा हिस्सा वेळ उघड्यावर आणि ०.७ हा रूपांतर गुणक धरला की वर्षाला ०.०३४ मिलिसीव्हर्ट, जागतिक सरासरीच्या ०.०७ला निम्मे. शेतकऱ्याचा वेळ पाचवा हिस्सा नसतो, दिवसाचे नऊ-दहा तास शेतात जातात. तेव्हा ०.२च्या जागी ०.४ घाला आणि तसे घातल्याचे नमूद करा.

'रेडियम समतुल्य' आणि त्याची ३७० बेकेरेल/किलोची मर्यादा प्रत्येक प्रबंधात दिसते. तो बांधकाम साहित्याचा निर्देशांक आहे. त्या मातीच्या विटा पाडणार नसाल तर तो कोष्टक भरण्यापलीकडे काही करत नाही.

प्रत्येक नमुन्यासोबत हे द्या: जागा आणि खोली, खडक, पीक आणि किती वर्षांचे खत, कोरडे वजन, डबा बंद केल्याची आणि मोजल्याची तारीख, मोजणीचा वेळ, शोधसीमा, आणि ± सह तिन्ही आकडे. शोधसीमेखालचा आकडा शून्य लिहू नका, 'शोधसीमेपेक्षा कमी' लिहा. सरासरी काढताना असे नमुने गाळले तर सरासरी आपोआप फुगते.

शेतकऱ्याला निकाल सांगताना आकड्याआधी अर्थ सांगा. 'तुमच्या मातीत किरणोत्सारी पोटॅशियम आहे' असे तोडून सांगितलेले वाक्य गावभर फिरते आणि पुढच्या वर्षी माती कोणी देत नाही. ते प्रत्येक मातीत, केळीत आणि माणसाच्या अंगातही असते, हे त्याच दमात सांगा. डबे फोडू नका. दहा वर्षांनी त्याच खड्ड्याजवळ कुणी पुन्हा खणले, तर आजचा बंद डबा त्याच यंत्रावर शेजारी ठेवून मोजता येईल.